डोहाळजेवणाला आलेले हंस

"खाली ठेव! आधी ते खाली ठेव, बाई!"

बांधाच्या त्या टोकाकडून डोनल ओरडत पळत येत होता. डोनल म्हणजे या पाणथळीचा राखणदार. तीन मोसम मी त्याच्या परवानगीने इथे फोटो काढले, पण त्याचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. स्वतःच्या कुत्र्यालासुद्धा तो लग्नाचं आमंत्रण द्यावं तशी हळू हाक मारतो. आज मात्र तो गमबुटांसकट पळत होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं. त्याला दिसत होतं ते असं: पक्ष्यांसाठी राखलेल्या जागेत, बांधावर, हिरवी पैठणी नेसलेली आणि कपाळापासून मनगटापर्यंत फुलांनी मढलेली, आठव्या महिन्यातली एक बाई धनुष्याला बाण लावून उभी आहे. बाणाचं टोक समोर चरणाऱ्या रानबदकांच्या अफाट थव्याकडे. आणि तिच्यासमोर चिखलात गुडघे टेकून एक माणूस म्हणतोय, "ताण केतकी, ताण, अजून थोडं ताण."

तो माणूस मी.

ओरडण्याने केतकी दचकली आणि बाण सुटला.

आता डोहाळजेवणाचं धनुष्य कधी सुटतं का? आपल्याकडे मंगल कार्यालयातून भाड्याने येतं ते पुठ्ठ्याचं असतं, वर सोनेरी कागद. त्यातून आजवर काही सुटलं असेल तर तो कागदच. पण हे धनुष्य केतकीच्या नवऱ्याने, सौरभने, डब्लिनच्या ल्यूकन भागातल्या घरी बसून बनवलं होतं, आणि सौरभ पडला इंजिनियर. त्याने पडद्याची दांडी वाकवली, मासेमारीची दोरी ताणली, आणि मागच्या अंगणात चाचणीही घेतली. चाचणी यशस्वी झाल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. बाणाने आयर्लंडच्या आभाळात तीन गिरक्या घेतल्या असं मी गेली काही वर्षं सांगत आलो आहे. एक तरी घेतलीच असेल. मग तो डोनलच्या बुटांपुढे हातभर अंतरावर चिखलात रुतला आणि थरथरत राहिला. त्याला झेंडूचं फूल बांधलेलं होतं.

डोनल थांबला. त्याने बाणाकडे पाहिलं. फुलाकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी समोरची सगळी बदकं एकदम उठली. वीज गेल्यासारखा अंधार पडला.

डोनलच्या रागाचं कारण तो बाण नव्हता, ही बदकं होती. हे समजायला धंदा थोडा समजून घ्यावा लागतो.

मी मूळचा इचलकरंजीचा, लग्नाचा फोटोग्राफर. बायकोला चेरीवूडच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि दोन हजार चौदा साली मी तिच्या मागून डब्लिनला आलो. व्हिसावर माझी ओळख 'अवलंबून असलेली व्यक्ती' अशी होती. ज्याने हजार नवरदेवांना 'मान वर करा' म्हणून हुकूम सोडले, त्याची ही ओळख. डून लेरी या समुद्रकाठच्या उपनगरात घरी बसून समुद्राकडे किती बघणार? मग बारशी, साखरपुडे, गणपती, जे मिळेल ते काढायला लागलो. आणि शरद ऋतूत हंस.

इथे दोन प्रकारचे हंस असतात. एक घरचे. हे बारा महिने कालव्यात असतात, चोच नारिंगी, स्वभाव वसुली अधिकाऱ्याचा. पाव नाही दिला तर मागे येतात. दुसरे पाहुणे. हे आइसलँडमध्ये विणीचा मोसम काढून ऑक्टोबरात पोरांबाळांना घेऊन समुद्रावरून थेट इकडे येतात. चोच पिवळी, मान सरळ, आणि येताना कुटुंबच्या कुटुंब ओरडत येतं. तो आवाज म्हणजे वरातीत पुढे निघून गेलेल्या बँडवाल्याने लांबून ट्रंपेट फुंकावा तसा. आईबाप पांढरे, त्या वर्षीची पिल्लं राखाडी. देशाच्या आग्नेय कोपऱ्यात समुद्राला बांध घालून काढलेली सपाट जमीन आहे, तिथे ते उतरतात. इतका प्रवास करून आलेल्या पाखराच्या अंगात शिल्लक काही नसतं. त्याला खाऊ द्यायचं, बसू द्यायचं. विनाकारण एकदा उठवलं तर त्याची आठवड्याची कमाई गेली. आता बदकांनाच कुणी उठवलं तर वरून येणारे हंस खाली उतरतील कशाला? म्हणून डोनल.

फोटोच्या बाजूने सांगायचं तर पांढरा पक्षी काढणं म्हणजे पांढऱ्या भिंतीवर चुन्याने नाव लिहिणं. उजेड जरा जास्त झाला की हंसाचा धुतलेला रुमाल होतो. पीस दिसत नाही, डोळा दिसत नाही. कमी केला तर हंस छान येतो आणि बाकी सगळं काळोखात जातं. हीच भानगड मी इथल्या चर्चमधल्या लग्नात पाहिली आहे, नवरी पांढरी आणि नवरा काळा. फरक एवढाच की नवरीला 'जरा थांबा' म्हणता येतं. पहिल्या मोसमात तर धुकं इतकं दाट होतं की सकाळभर मी एका मेंढीचे फोटो काढले. ती मेंढी एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात अजून हंस म्हणून टांगलेली आहे, आणि पाहुणे तिची तारीफ करतात.

गिऱ्हाइकंही एकेक असतात. एकाला हंस डावीकडे बघणारा हवा होता, कारण सोफा उजवीकडे. एका मॅनेजर साहेबांनी विचारलं होतं, हंस नक्की कितीला येतात, म्हणजे त्यांना मीटिंग लावता येईल. मी सांगितलं, अकराला. ते अकराला आले. हंस नाही आले, साहेब आले.

केतकी त्यातली नव्हती. ती यवतमाळची, डब्लिनला शिकायला आली, इथेच नोकरी लागली, इथेच सौरभ भेटला. तिला सासूबाईंनी डोहाळजेवण करायचं म्हटल्यावर तिने मला फोन केला.

"दादा, फोटो हंसांबरोबर हवा. ते येताना. बसलेले नकोत."

"बसलेले स्वस्तात पडतात."

"दादा, मस्करी नका ना करू. आईला दाखवायचाय."

तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. लेकीच्या पहिल्या खेपेला येण्यासाठी तिने सहा महिने आधीच स्वेटर विणून ठेवला होता आणि आता ती यवतमाळला पलंगावर होती. रोज फोनवर एकच प्रश्न: 'तू खरंच बरी हायेस ना?' केतकी म्हणायची, मजेत आहे. आईचा विश्वास बसायचा नाही. 'मजेत असणारी पोरगी रोज मजेत हाय असं सांगत नसते,' म्हणायची. केतकीने सांगितलं, इथे इतकं छान आहे की आइसलँडहून हंस येतात. आई म्हणाली, "फेकू नको."

तेव्हापासून केतकीच्या डोक्यात एकच. आईला एक असा फोटो पाठवायचा की तिने बघावं, गप्प व्हावं आणि शांत झोपावं. दवाखान्याने पुढच्या आठवड्यापासून लांबचा प्रवास बंद सांगितला होता. म्हणजे हाच शनिवार. पुढचं तिच्या हातात नव्हतं, माझ्याही नव्हतं. तरी मी काय म्हणालो?

"हंसांचं माझ्यावर सोड."

बायको शेजारी बसून लॅपटॉपवर काम करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बुक केलेस का त्यांना?"

तर आता बांधावर या. बदकं उठलेली, बाण रुतलेला, आणि आम्ही चौघं ओळीत उभे: केतकी, सौरभ, मी आणि सौरभची आई सुमनकाकू. काकू सांगलीहून आलेल्या. त्यांनी विमानातून डिंकाचे लाडू आणले होते, आणि ते कस्टमवाल्याने उघडले तेव्हा त्यालाही दोन दिले होते. त्यांच्या हातात औक्षणाचं ताट होतं. धनुष्याची कल्पनाही त्यांचीच. धनुष्यबाण, चंद्रकोर, नाव आणि झोपाळा याशिवाय डोहाळजेवण होत नाही. चंद्र, नाव आणि झोपाळा गाडीत मावले नाहीत एवढंच.

डोनल माझ्याशी बोलला, पण बघत सौरभकडे होता. आयरिश माणूस फार चिडला की समोरच्यालाही तिऱ्हाईत करतो. "तो धनुष्यवाला," तो म्हणाला, "तो काय शिकारीला आलाय?"

"तो माझा नवरा आहे," केतकी म्हणाली.

"त्याने हे बनवलं?"

"हो," सौरभ म्हणाला. आवाजात थोडा अभिमान होता, तो त्याला लपवता आला नाही.

"चांगलं बनवलंय," डोनल म्हणाला. "आता गाडीत बसा आणि घरी जा. आणि तूसुद्धा," हे मला, "किल्ली दे."

किल्ली म्हणजे हाइडची. हाइड म्हणजे बांधाच्या आडोशाला असलेली लाकडी खोली. आपल्याकडच्या रंगवायच्या राहून गेलेल्या पोलीस चौकीसारखी. आत एक बाक, समोरच्या भिंतीला आडवी फट. माणसाने आत बसायचं, पक्ष्याला वाटतं खोली रिकामी आहे. ती किल्ली त्या सगळ्या परगण्यात माझ्याखेरीज बाहेरच्या कुणाकडे नव्हती. मी किल्ली काढून दिली. हात थोडा जड झाला, थंडी होती.

सौरभ गाडीकडे निघाला. केतकी निघाली नाही. ती बांधावरच्या दगडावर बसली. फुलांचा बाजूबंद सरकून कोपरावर आला होता.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"केतकी, चल ना गं," सौरभ.

"वारा फिरलाय. दादांनीच सांगितलं होतं. वायव्येचा वारा सुटला की येतात. तो सुटलाय. मी नाही जात."

सुमनकाकू माझ्या कानाशी आल्या. "अहो भाऊ, त्या माणसाला सांगा की. डोहाळे आहेत हे. डोहाळे मोडायचे नसतात."

मी डोनलला सांगितलं. इथे माझ्या भाषेचा कस लागला. मी म्हणालो, आमच्याकडे गरोदर बाईला जे हवंसं वाटतं त्याला नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं तर मूल जन्मभर लाळ गाळतं. एवढं परंपरेत आहे. पुढचं मी घातलं. म्हणालो, आणि ज्याने नाही म्हटलं त्याच्याच दारात येऊन गाळतं.

डोनलने ते ऐकून घेतलं. बदकं पुन्हा खाली बसायला लागली होती, ती त्याने पाहिली. मग म्हणाला, "माझा धाकटा भाऊ गाळतो. एकसष्ट वर्षांचा आहे. आईला तेव्हा काय हवं होतं कोण जाणे."

त्याने किल्ली मला परत दिली नाही. स्वतः जाऊन हाइड उघडलं. अटी सांगितल्या: धनुष्य गाडीत, आवाज नाही, गाणं नाही, फ्लॅश नाही, कुणी बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि तो स्वतः आत बसणार. "हंस आले नाहीत तर आले नाहीत," तो म्हणाला. "मी त्यांना सांगायला जात नाही."

मी आत बसलो आणि माझ्या लक्षात आलं की हा फोटो निघणं शक्य नाही.

बाहेर उजेड, आत काळोख. केतकी फटीपाशी बसणार, तिच्या पलीकडे हंस उतरणार. हंसाचा उजेड धरला तर केतकी म्हणजे फुलं घातलेली सावली. केतकीचा धरला तर हंस म्हणजे रुमाल. फ्लॅशला बंदी. यवतमाळला पाठवायची ती सावली? आई काय म्हणाली असती ते मला ऐकू येत होतं.

तेवढ्यात माझ्या डोळ्यावर तिरीप आली. काकूंच्या हातातलं औक्षणाचं ताट. स्टीलचं, घासून आरशासारखं केलेलं. फटीतून येणारा उजेड त्यावर पडून छताला लागला होता.

"काकू, त्यातलं सगळं खाली ठेवा आणि ताट इकडे द्या."

"निरांजन?"

"तेही."

"सुपारी तरी राहू दे."

"काकू, सुपारीचा फोटोत काही उपयोग नाही."

ताट धरायला माणूस हवा. बाणानंतर सौरभच्या हातात काही द्यायला डोनल तयार नव्हता. शेवटी ताट डोनलनेच धरलं. गुडघ्यावर तिरपं, उजेड केतकीच्या चेहऱ्यावर. मी म्हणालो, "थोडं वर." तो म्हणाला, "ग्रँड," म्हणजे इथलं 'ठीक आहे', आणि थोडं वर केलं. असा मदतनीस मला इचलकरंजीत मिळाला असता तर मी देश सोडला नसता.

मग वाट पाहणं सुरू झालं. धंद्यातलं खरं काम हेच. बाकी सगळं बटण दाबणं आहे. सुमनकाकूंना न बोलता बसणं म्हणजे काय हाल होत होते ते मी पाहिलं. त्यांनी खुणेने केतकीची ओटी भरली. खुणेने तिला लाडू खायला लावला. मग डोनलच्या कपाळाला कुंकू लावलं. त्याचे दोन्ही हात ताटात गुंतलेले, त्याला नाही म्हणता आलं नाही. आणि मग, बसवेना म्हणून, पिशवीतून दोन झाकलेल्या वाट्या काढून बाकावर ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. होणाऱ्या आईने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. नुसती गंमत.

केतकीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती फटीतून बाहेर बघत होती. आभाळ रिकामं होतं. तिने हळूच विचारलं, "दादा, नाही आले तर?"

मी आयुष्यात खूप फेकलं आहे. त्या वेळी मी फक्त भिंग पुसलं.

डोनलने मान वळवली. "ऐक," तो म्हणाला.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग खूप वर, खूप लांब, तो ट्रंपेट. एक, मग दुसरा त्याला उत्तर दिल्यासारखा. समुद्राकडून एक रेघ येत होती. रेघेचे ठिपके झाले, ठिपक्यांना माना फुटल्या. पुढे एक मोठा पांढरा, शेवटी एक मोठा पांढरा, मध्ये राखाडी पिल्लं. पंखांची घरघर खोलीत शिरली. त्यांनी पाणथळीवर एक फेरी घेतली. खाली बदकं शांत चरत होती, ते त्यांनी वरून पाहिलं असावं. मग पाय पुढे काढून, पंख मागे ताणून, ब्रेक लावल्यासारखे ते समोर उतरायला लागले.

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. आणि केतकी रडत होती.

रडणारा फोटो यवतमाळला पाठवून चालणार नव्हता. मी दात आवळून म्हणालो, "केतकी, हस. आत्ता हस." ती आणखीच रडायला लागली. पहिला हंस पाण्यावर आला. दुसरा आला. पिल्लं राहिली होती.

माझ्या मागे काहीतरी खुट्ट वाजलं. डोनलला काकूंनी वाट्या मिठाईच्या म्हणून ठेवल्यात असं वाटलं होतं. ताट एका हातात तोलून त्याने दुसऱ्या हाताने दोन्ही झाकणं उघडली होती, आणि पेढा व बर्फी एकदमच तोंडात टाकली होती. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. सौरभने घाबऱ्या घाबऱ्या, कुजबुजत त्याला दोन्हींचा अर्थ सांगितला.

डोनल चावायचा थांबला. कपाळाला कुंकू, गालात पेढा.

"म्हणजे जुळं," तो म्हणाला.

केतकी हसली. अशी हसली की फुलांचा मुकुट कानावर आला. चेहऱ्यावर ताटाचा उजेड, डोळे ओले, ते कुणाला रडल्याचे वाटले नसते. तिच्या पलीकडे, फटीत, पिल्लं पाय पसरून पाण्याला टेकत होती. मी बटण दाबलं ते बॅटरी गरम होईपर्यंत सोडलं नाही.

या धंद्याची एक गोष्ट कुणाला सांगत नाही. दोन हजार एकोणीसपर्यंत मी दर वर्षी तिथे गेलो, पण हंस उतरताना मी पाहिलेले नाहीत. काढलेले आहेत. डोळा नेहमी भिंगाला. त्या दिवशी काकूंनी मात्र नीट पाहिले. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "पाय फार मोठे असतात हो त्यांचे."

दुसऱ्या दिवशी फोटो निवडून मोठा करून मी ल्यूकनला घेऊन गेलो. तो माझा आजवरचा सगळ्यांत चांगला फोटो आहे. हे मी फेकत नाही. चारही जण जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि यवतमाळला व्हिडिओ कॉल लावला. केतकीची आई उशीला टेकून बसलेली, बारीक, केस घट्ट बांधलेले. फोटो तिच्या फोनवर आधीच पोचला होता. तिने चष्मा लावला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. आम्हाला नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

खूप वेळ कपाळच दिसत राहिलं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मावशी, तो हंस बघा, डावीकडचा. पिसं मोजता येतील एकेक."

सौरभ म्हणाला, "आइसलँडहून आलेत, आई. सरळ."

केतकीने टेबलाची कड धरली होती. मग तिनेच विचारलं, "आई? दिसतंय ना? किती हसतेय बघ मी. आता तरी पटलं ना?"

आईने फोन खाली घेतला, चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"हंस बरे हायेत," ती म्हणाली. "तू वाळली."